पाझरता माठ आणि दादरा बांधलेली बरणी : मिनी पीसीसाठी रॅम आणि एसएसडी निवडताना

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाला यंदा मिनी पीसी जोडून द्यायचा होता. तिथल्या ग्रंथपाल काकांनी कामाची यादी दिली : पुस्तकांच्या नोंदी, वाचकांची खाती आणि कपाटात पिवळे पडत चाललेले जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवणं. "बाकी काही नाही जी," ते म्हणाले. मला मात्र त्यातलं शेवटचं कामच सगळ्यात जड वाटत होतं. ए-फोर आकाराचं एक रंगीत पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं, की कॉम्प्रेस न करता त्याची फाइल साधारण १०४ एमबीची होते. दोन हजार पानं झाली की २०० जीबी संपले!

तळहातावर मावेल असा तो डबा बेअरबोन घेतला होता. बोर्ड, पंखा आणि रायझन ५ ५५००यू प्रोसेसर आत बसवलेला, रॅम (चालू काम तात्पुरतं धरणारी मेमरी) आणि एसएसडी (फाइली कायम साठवणारा ड्राइव्ह) आपण घालायची. त्या घ्यायला नागपूरला सीताबर्डीवर गेलो. दुकानदाराने लगेच हिशोब मांडला : "साहेब, रॅमची आठ जीबीची एकच स्टिक टाका, आणि वाचलेल्या पैशात सेकंदाला सात हजार एमबीवाली एसएसडी घ्या. रॉकेट पळेल." असा सल्ला मी अनेक दुकानांत ऐकला आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या मशीनसाठी तो दोन्ही बाजूंनी चुकतो. का चुकतो हे समजायला मेमरीच्या सेलच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सूक्ष्म कप्प्याच्या आत डोकवावं लागतं.

रॅममधला एक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दारावर उभा एक ट्रान्झिस्टर. ही एका ट्रान्झिस्टरची रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली, १९६८ साली तिचं पेटंट मिळालं, आणि आजची प्रत्येक स्टिक त्याच रचनेवर चालते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला की १, नसला की ०. अडचण एवढीच, की तो कपॅसिटर मातीच्या माठासारखा सतत पाझरतो. म्हणून डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सेलची प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, मशीन चालू असेपर्यंत अखंड. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की पाझर वाढतो आणि ही भरणी दुप्पट वेगाने करावी लागते. वीज गेली की माठ रिकामा. पण इतक्या वेळा भरून-उपसूनही सेल झिजत नाही, हा या रचनेचा मोठा गुण. पुढे जुन्या मालाची गोष्ट येईल तेव्हा तो कामी येणार आहे.

आता वेगाचं बघू. डीडीआर४-३२०० यातला ३२०० हा आकडा सेकंदाला होणाऱ्या देवघेवींचा आहे, दशलक्षांत. प्रत्येक देवघेवीत ६४ बिट म्हणजे ८ बाइट जातात. गुणाकार केला की एका चॅनेलला, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या एका रस्त्याला, सेकंदाला २५.६ जीबी मिळतात. आमच्या प्रोसेसरला असे दोन चॅनेल आहेत आणि दोन स्टिक लावल्या की दोन्ही वाहू लागतात : ५१.२ जीबी. एकच स्टिक लावली, तर दुसरा रस्ता बांधून तयार असूनही बंदच राहतो.

ज्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं, तिथे याचा फटका थोडा बसतो, कारण त्या कार्डाची स्वतःची मेमरी असते. मिनी पीसीत तसं नसतं. पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात असतो आणि तो याच रॅममधून जेवतो. वर स्वतःसाठी त्यातला तुकडा राखूनही ठेवतो, बायॉस या संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगप्रमाणे अर्धा जीबी, कधी दोन जीबी. आठातले दोन गेले की विंडोज आणि ब्राउझरला सहा उरतात. त्यात शंभर-शंभर एमबीची दहा पानं संपादनासाठी उघडली, 'अन्डू'साठी जपलेल्या त्यांच्या प्रती धरल्या, की जागा संपलीच.

आणि रॅम संपली की काम थांबत नाही, ते एसएसडीवर सरकतं. ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधला न लागणारा भाग उचलून एसएसडीवर ठेवते आणि लागला की परत आणते. म्हणून या दोन वस्तूंचा विचार मी कधीच वेगवेगळा करत नाही. रॅममध्ये वाचवलेला पैसा एसएसडीला फेडावा लागतो, आणि तिच्या सेलची तब्येत मात्र रॅमसारखी नसते.

फ्लॅश मेमरीचा सेल विजेविना भार धरून ठेवतो. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ही मेमरी घडवली. तिचा आज एसएसडीत वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव पडलं. इथे इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी इन्सुलेटरने वेढलेल्या जागेत कोंडलेले असतात. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ठेवतात, तसं समजा. फरक इतकाच, की या बरणीत काही घालायचं-काढायचं तर दादरा सोडता येत नाही. जास्त व्होल्टेज लावून इलेक्ट्रॉन त्या कापडातूनच आरपार ढकलावे लागतात. दर खेपेला कापडाचा एखादा धागा दुखावतो. एसएसडीची झीज म्हणतात ती हीच.

मग एका बरणीत माल किती मोजायचा? 'रिकामी की भरलेली' एवढंच बघायचं असेल, तर एक बिट मावतो आणि चूक होणं अवघड. हा एसएलसी प्रकार. एका सेलमध्ये तीन बिट ठेवायचे, तर भाराच्या आठ पातळ्या ओळखता यायला हव्यात. तो टीएलसी. चार बिटांना सोळा पातळ्या लागतात, त्याला क्यूएलसी म्हणतात. बरणी तेवढीच, खुणा मात्र जवळजवळ येत जातात. कापड थोडं सैलावलं, भार जरासा घसरला, की बारावी खूण अकरावी वाटू लागते. शिवाय प्रत्येक पातळी बरोबर गाठायला थोडं-थोडं भरून पुन्हा-पुन्हा तपासावं लागतं, म्हणून क्यूएलसीत लिहिणं मुळातच मंद.

हा मंदपणा खोक्यावर दिसत नाही, कारण कंपन्या त्यावर एक खरोखर हुशारीची युक्ती करतात. रिकाम्या सेलचा काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा वापरायचा, येणारा माल आधी तिथे भराभर टाकायचा आणि निवांत वेळी नीट रचून ठेवायचा. छापलेला वेग या ओसरीचा असतो. ड्राइव्ह भरत जातो तशी ओसरी लहान होते, आणि ती भरली की माल थेट माजघरात न्यावा लागतो.

हे मी वाचनालयातच पाहिलं. त्यांच्याकडे कुणीतरी देणगी दिलेली क्यूएलसी एसएसडी होती, आधीच निम्म्याहून जास्त भरलेली. बाहेरच्या वेगवान ड्राइव्हवरून स्कॅनचं फोल्डर तिच्यावर टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला सेकंदाला आठ-नऊशे एमबीने हिरवी पट्टी सरसर पुढे गेली. काकांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत आलेख कड्यावरून कोसळावा तसा खाली आला आणि ऐंशीच्या आसपास रेंगाळत राहिला. साधी हार्ड डिस्कसुद्धा याहून जोरात चालते. "बिघडली का?" काकांनी काळजीने विचारलं. काहीच बिघडलं नव्हतं, ओसरी भरली होती.

झिजेची भीती मात्र जरुरीपेक्षा जास्त घातली जाते, असं माझं मत आहे. क्रुशल पी३ या १ टीबीच्या क्यूएलसी ड्राइव्हला कंपनी २२० टीबी लिखाणाची हमी देते. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लस या टीएलसी ड्राइव्हला तेवढ्याच क्षमतेत ६०० टीबीची. अंतर मोठं दिसतं, पण रोज २० जीबी लिहिलं तरी २२० टीबी संपायला तीस वर्षं लागतील. मी टीएलसी मागतो ते आयुष्यासाठी कमी आणि लांबलचक कामात वेग टिकावा यासाठी जास्त. क्यूएलसी वाचायला चांगली असते. फक्त चित्रपट आणि गाणी साठवायची असतील तर ती खुशाल घ्यावी.

राहिला सात हजारांचा प्रश्न. तो आकडा पीसीआय एक्सप्रेस या, प्रोसेसर आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाच्या ४.० पिढीत, चार लेनवर मिळतो. ५५००यू प्रोसेसर ३.० वर थांबतो, तिथे चार लेनमधून प्रत्यक्षात साडेतीन हजारांच्या आसपासच पाणी येतं. सात हजारांचा ड्राइव्ह बसेल, चालेल, पण वरच्या वेगाचे पैसे फुकट जातील. इंटेल एन१०० प्रोसेसरच्या स्वस्त डब्यांत तर आणखी जपावं. त्या प्रोसेसरला मेमरीचा चॅनेलच एक आहे, त्यामुळे स्टिकच्या जोडीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आणि काही डब्यांत एसएसडी बसवायच्या एम.२ स्लॉटला एकच लेन जोडलेली असते, म्हणजे हजार एमबीच्या आतच. एम.२ आकाराच्या काही एसएसडी एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या) नसून साटा या जुन्या जोडणीच्या असतात, त्या साडेपाचशेला थांबतात, आणि नुसत्या एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये चालतच नाहीत. खरेदीआधी डब्याच्या माहितीपत्रकातली ही एक ओळ शोधावीच. लांबीही बघावी : २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब.

आम्ही शेवटी आठ-आठ जीबीच्या डीडीआर४ एसओ-डिमची (लॅपटॉपच्या आकाराच्या स्टिकची) जोडी आणि ३.० पिढीची १ टीबी टीएलसी एसएसडी घेतली. रॅम नवी घेतली नाही. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली, की रॅमचे भाव कडाडले. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने किरकोळ ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली चांगली स्टिक घ्यायला मी कचरत नाही, कारण तो माठ झिजत नाही. घरी आणून रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवायचं आणि एकही चूक निघाली तर परत करायची. जुनी एसएसडी मात्र क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं आयुष्य किती वापरलं गेलंय ते पाहिल्याशिवाय हातात घेऊ नये.

बसवताना घाई नको. आधी हात एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला लावावा. स्टिकची खाच स्लॉटच्या दातासमोर धरून ती तिरपी आत सारायची आणि हळूच खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजल्या पाहिजेत. डीडीआर४ला २६० पिना आणि डीडीआर५ला २६२, खाचही वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, स्टिक चुकीची आहे. डीडीआर५चं मशीन पहिल्यांदा सुरू होताना पडदा मिनिटभर, कधी त्याहून जास्त, काळाच राहतो. तेव्हा प्रोसेसर रॅमशी वेळेचा ताळमेळ बसवत असतो. घाबरून बटण दाबू नये.

वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि या डब्यात एसएसडी बोर्डाच्या खालच्या अंगाला, पंख्यापासून लांब होती. तिचा कंट्रोलर, म्हणजे तिचं काम चालवणारी चिप, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. म्हणून एसएसडी आणि तळाचं धातूचं झाकण यांमध्ये उष्णता वाहून नेणारा थर्मल पॅड लावला, आणि सगळा डबा ते झाकण गार राहील असा लोखंडी रॅकवर ठेवला. सोबत छोटा यूपीएसही दिला. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करण्याइतका साठा नसतो, आणि तिथे वीज सांगून जात नाही.

काकांचा शेवटचा प्रश्न माझ्या मनात राहिला. स्कॅन झालेल्या अंकांची एसएसडी कपाटात कुलूप लावून ठेवली तर चालेल का? जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती ड्राइव्हसाठीची अट अशी, की लिखाणाची हमी पूर्ण वापरून झाल्यावरही ३० अंश तापमानात, विजेविना, माहिती एक वर्ष टिकली पाहिजे. नवा ड्राइव्ह याहून बराच जास्त टिकतो, पण विदर्भातलं बंद कपाट ३० अंशांवर राहत नाही. म्हणून अंकांची एक प्रत रोज चालू असणाऱ्या मिनी पीसीत राहते आणि दुसरी साध्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जोडतात, नवी पानं चढवतात आणि रजिस्टरमध्ये तारीख लिहून ठेवतात.