उधाण की त्सुनामी?

पावसाळा लागला की मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून उसळणाऱ्या लाटांचे व्हिडिओ फिरू लागतात आणि एखाद्यावर हमखास लिहिलेलं असतं, ‘मुंबईत त्सुनामी’. ते उधाण असतं. हा फरक माहीत नसला तर उधाणाला उगाच घाबरतो आणि खरी त्सुनामी आली तर लाटा बघायला किनाऱ्यावर जातो. दुसरी चूक जिवावर बेतते.

उधाण येतं चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि भरती जास्त चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी भरती. कोळीवाड्यातला जाणता माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिकाही पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्यावर वारा लाटा उठवतो. लाट टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावर टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर आपटते, फवारा रस्त्यावर पडतो आणि काही सेकंदांत पाणी मागे सरतं. पाणी हलतं ते वरच्या थरातलं.

त्सुनामीचा चंद्राशी संबंध नाही. समुद्राखाली मोठा भूकंप होऊन तळ अचानक वर उचलला किंवा खाली खचला की तळापासून पृष्ठभागापर्यंतचं सगळं पाणी ढकललं जातं. तळ आडवा सरकला तर फारसं काही होत नाही. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, पण मोठी त्सुनामी आली नाही. जमिनीवरच्या भूकंपाचंही तसंच. १९६७ चा कोयनेचा धक्का मुंबईत जाणवला होता, समुद्राला त्याचं काही नव्हतं. खोल समुद्रात ही लाट जेमतेम हातभर उंच असते, पण ताशी सातशे-आठशे किलोमीटरने धावते. किनाऱ्याशी वेग कमी होतो, उंची वाढते आणि पाणी पाच-दहा मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ आत येतच राहतं. उधाणाच्या लाटेपासून वीस पावलं मागे सरलात तरी भागतं. इथे भागत नाही.

‘मुंबईला त्सुनामीचा धोका नाही’ असं बरेच जण खात्रीने सांगतात. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. काही तासांनी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास, लाट मुंबईला पोचली. उंची साधारण दोन मीटर. शहरात पंधराएक माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. उंचीचा आकडा उधाणापेक्षा लहान वाटतो, पण पाणी वेळापत्रकाबाहेर आलं होतं आणि किनाऱ्यावरच्या माणसांना सावध करणारं कोणी नव्हतं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथेच. मकरानचा धक्का मुंबईत जाणवेलच असं नाही. म्हणजे आपल्याकडे दोनच खुणा उरतात: अधिकृत इशारा आणि समुद्राची चुकलेली वेळ. २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत त्सुनामीचं इशारा केंद्र उभं राहिलं, ते २००७ पासून चालू आहे. समुद्र भलत्याच वेळी मागे हटून तळ उघडा पडला, किंवा ओहोटीच्या वेळी पाणी चढू लागलं, तर मोबाइल बाहेर काढू नका. वरळी, वर्सोवा, जुहू, कुठेही असा, किनाऱ्यापासून आत जा. ते जमत नसेल तर जवळच्या मजबूत काँक्रीट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा त्याहून वर चढा. चालत जा, गाडी काढलीत तर वाहतुकीतच अडकाल.

धक्का जाणवलाच तर आधी भूकंपाचं बघा: टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. चाळीत असाल तर गॅलरीत धावू नका, इमारतीत असाल तर लिफ्ट वापरू नका. हादरे उभं राहणं कठीण व्हावं इतके जोराचे किंवा बराच वेळ चालणारे असतील आणि घर किनाऱ्यालगत असेल, तर ते थांबताच इशाऱ्याची वाट न पाहता उंचावर निघा. पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली उतरू नका. पुढच्या लाटा तासातासाच्या अंतरानेही येतात आणि त्यातली एखादी पहिलीपेक्षा मोठी असू शकते. खोल समुद्रात असलेल्या होड्यांनी इशारा मिळाल्यावर बंदराकडे वळू नये. तिथे ही लाट होडीखालून निघून जाते, बंदरात मात्र ती होड्या एकमेकींवर आपटते.