कॅट (व्यवस्थापन प्रवेश परीक्षा)

कॅट : भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या (आयआयएम) पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी घेतली जाणारी अखिल भारतीय प्रवेश परीक्षा. ‘कॉमन ॲडमिशन टेस्ट’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कॅट’ हे रूप रूढ झाले. परीक्षा वर्षातून एकदाच, अलीकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, संगणकावर होते. कोणत्याही शाखेचा पदवीधर किंवा पदवीच्या अखेरच्या वर्षाचा विद्यार्थी तिला बसू शकतो. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. वयाची मर्यादा नाही. अनेक बिगर-आयआयएम संस्थाही हेच गुण ग्राह्य धरतात; मुंबईतील आयआयटीचे शैलेश जे. मेहता व्यवस्थापन विद्यालय हे त्याचे जवळचे उदाहरण.

उगम : परीक्षेच्या आरंभवर्षाबाबत एकवाक्यता नाही. संदर्भलेखनात १९७७ हे वर्ष वारंवार येते, तर काही ठिकाणी १९५० असेही छापलेले आढळते. यांपैकी दुसरे वर्ष मुळातच टिकत नाही. पहिली आयआयएम कोलकात्यात नोव्हेंबर १९६१ मध्ये आणि दुसरी अहमदाबादेत डिसेंबर १९६१ मध्ये स्थापन झाली. त्याआधी अशी परीक्षा घेणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती. शिवाय नावातील ‘कॉमन’ हा शब्द सामायिकपणा सांगतो, आणि सामायिक परीक्षेला एकाहून अधिक संस्थांची सहमती लागते. बंगळूरची तिसरी संस्था १९७३ ची. तीन संस्थांकडे अर्ज करणाऱ्याने तीन वेगळ्या परीक्षा द्याव्यात हे दोन्ही बाजूंना गैरसोयीचे होते, हे लक्षात घेता सामायिक परीक्षेचा आरंभ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. लखनौ (१९८४), कोळिकोड व इंदूर (दोन्ही १९९६) या संस्था नंतर आल्या. या सहा जुन्या संस्थांकडेच आयोजनाची जबाबदारी आळीपाळीने जाते : २०२० इंदूर, २०२१ अहमदाबाद, २०२२ बंगळूर, २०२३ लखनौ, २०२४ कोलकाता.

महाराष्ट्राला आपली आयआयएम मिळायला बराच काळ लागला. नागपूरची संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. पवईच्या ‘निटी’चे (राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था, स्थापना १९६३) रूपांतर आयआयएम मुंबईत झाले ते २०२३ मध्ये. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासूनची असली, तरी तिची प्रवेशाची वाट राज्याच्या एमबीए सीईटीवरून (सामायिक प्रवेश परीक्षेवरून) जाते. त्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि म्हणून तिची तयारी वेगळ्या अंगाने करावी लागते.

स्वरूपातील बदल : २००८ पर्यंत परीक्षा कागदावर होत असे. प्रश्नांची व पर्यायांची संख्या दरवर्षी बदलू शकत असे, आणि तो बदल उमेदवाराला प्रश्नपत्रिका उघडल्यावरच कळे. नोव्हेंबर २००३ ची परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला आणि फेरपरीक्षा फेब्रुवारी २००४ मध्ये झाली. २८ नोव्हेंबर २००९ पासून परीक्षा संगणकावर गेली. पहिल्याच दिवसांत अनेक केंद्रांवर यंत्रणा कोलमडली, संगणकांत शिरलेल्या व्हायरसचे कारण देण्यात आले आणि अनेक उमेदवारांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. पुढची काही वर्षे परीक्षा सुमारे वीस-वीस दिवस चालली. २०१४ मध्ये ती दोन दिवसांवर आणि २०१५ पासून एका दिवसावर आली.

२०१५ मध्ये आजचा साचा ठरला. तीन विभाग : इंग्रजी वाचन आकलन व शाब्दिक क्षमता, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येक विभागाला ठरलेला वेळ असतो आणि तो संपेपर्यंत दुसऱ्या विभागात जाता येत नाही. पर्याय नसलेले, उत्तर स्वतः टाइप करायचे प्रश्नही याच वर्षी आले. आरंभी १०० प्रश्न व १८० मिनिटे होती. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, एका दिवसात तीन सत्रे बसवण्यासाठी वेळ १२० मिनिटांवर आणला गेला, म्हणजे विभागाला ४० मिनिटे. साथ ओसरली तरी हा वेळ तसाच राहिला. प्रश्न २०२० मध्ये ७६, २०२१ मध्ये ६६ आणि २०२४ मध्ये ६८ होते.

बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. टाइप करायच्या प्रश्नांना वजाबाकी नाही. ही आकडेवारी सहज ठरवलेली नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर चारांत एकदा ३ गुण मिळतात आणि तीनदा १ गुण जातो, सरासरी शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर हीच सरासरी दर प्रश्नाला एक-तृतीयांश गुण इतकी धन होते. म्हणजे निव्वळ अंदाजाला शिक्षाही नाही आणि बक्षीसही नाही. अर्धवट ज्ञानाला मात्र थोडा मोबदला आहे. ‘अंदाज कधीच लावू नये’ हा क्लासमध्ये हमखास मिळणारा सल्ला या हिशेबाला धरून नाही.

गुणांचे समायोजन : एका दिवसात तीन सत्रे म्हणजे तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका. सकाळची पत्रिका दुपारच्या पत्रिकेहून अवघड निघाली, तर कच्च्या गुणांची थेट तुलना अन्यायाची होते. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक विभागाचे गुण एका समान मापावर आणले जातात. यासाठी वापरली जाणारी रेषीय पद्धत ‘गेट’ या अभियांत्रिकी परीक्षेच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. गेटच्या पद्धतीत प्रत्येक सत्रासाठी दोन खुणा ठरवतात : एक, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या ०·१ टक्का उमेदवारांची सरासरी, दुसरी, सर्व उमेदवारांची सरासरी अधिक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप). एका सत्रातील या दोन खुणा सर्व सत्रांच्या एकत्रित खुणांवर नेऊन बसवल्या की मधले गुण त्या प्रमाणात ताणले किंवा आवळले जातात.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे. उमेदवार कोणत्या सत्रात बसतो ते यदृच्छया ठरते, म्हणून तिन्ही सत्रांतील उमेदवारांची कुवत सरासरीने सारखी असते आणि जो फरक दिसतो तो प्रश्नपत्रिकेचा असतो. हजारो उमेदवारांच्या सत्रात हे गृहीतक बऱ्यापैकी खरे उतरते. मापनशास्त्रात याला पर्यायी पद्धती आहेत. एक, सत्रातील क्रमावरून सरळ पर्सेंटाइल (रांगेतली जागा सांगणारी संख्या) काढणारी. दुसरी, प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधी मोजून ठेवणारी. दुसरी तत्त्वतः अधिक काटेकोर, पण तिला आधी वापरून पारखलेल्या प्रश्नांचा गुप्त साठा लागतो. वर्षभर घेतल्या जाणाऱ्या ‘जीमॅट’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन प्रवेश परीक्षेला ते शक्य होते. वर्षातून एकच दिवस होणाऱ्या आणि नंतर प्रश्नपत्रिका उघड करणाऱ्या परीक्षेला रेषीय पद्धतच व्यवहार्य दिसते.

पर्सेंटाइल : कॅटच्या निकालात सर्वांत जास्त चर्चा होणारी आणि सर्वांत जास्त गैरसमज असणारी संख्या. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९९ पर्सेंटाइलचा उमेदवार ६८ पैकी ६७ प्रश्न सोडवून आलेला नसतो. त्याने त्याच्या निम्म्याच्या आसपास सोडवलेले असू शकतात. ही संख्या फक्त रांगेतली जागा सांगते.

रीत अशी : परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्यांची संख्या घ्यायची, समायोजित गुणांवरून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, एकूण संख्येतून क्रमांक वजा करून उरलेल्याला एकूण संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. सारख्या गुणांना सारखा क्रमांक. दोघे पहिले आले तर पुढचा तिसरा. शेवटी उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करतात. या रीतीत पहिला क्रमांकही स्वतःला वजा करतो, म्हणून काटेकोर अर्थाने कॅटमध्ये शंभर पर्सेंटाइल कोणालाच मिळत नाही. तीन लाख उमेदवारांत पहिल्याचे पर्सेंटाइल ९९·९९९७ च्या जवळ येते. ९९·९९५ आणि त्यापुढचे सारे १०० मानण्याचा नियम असल्यामुळेच निकालपत्रावर शंभर दिसतात.

यातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे निकालाच्या बातम्यांत क्वचितच लक्ष जाते. शंभर पर्सेंटाइलवाल्यांची संख्या बसलेल्यांच्या संख्येवरून आधीच जवळजवळ ठरलेली असते : वीस हजारांमागे एक. २०२१ मध्ये सुमारे १·९२ लाख बसले, शंभरवाले ९ निघाले. २०२२ मध्ये सुमारे २·२२ लाख बसले, निघाले ११. २०२३ मध्ये सुमारे २·८८ लाख बसले, निघाले १४. ‘यंदा शंभरवाले वाढले’ या मथळ्याचा अर्थ यंदा जास्त लोक परीक्षेला बसले एवढाच आहे. विद्यार्थी अधिक हुशार निघाले की प्रश्नपत्रिका सोपी होती, याबद्दल तो आकडा काही सांगू शकत नाही.

महाराष्ट्रातील घरांत हा गोंधळ आणखी वाढतो, कारण एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी वगैरे प्रवेशांच्या राज्य परीक्षेमुळे पर्सेंटाइल हा शब्द बारावीपासूनच कानावर पडलेला असतो. तिथे पर्सेंटाइल सत्रापुरते काढतात, सात दशांश स्थळांपर्यंत देतात आणि आपल्याइतके किंवा कमी गुण मिळवणाऱ्यांची मोजदाद करताना स्वतःलाही धरतात. त्यामुळे सत्रातील पहिल्याचे पर्सेंटाइल खरोखरच पूर्ण शंभर येते. शब्द एकच असला तरी मापे दोन आहेत, आणि एकाच मुलाच्या या दोन परीक्षांतल्या आकड्यांची शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे.

आणखी दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. गुणांच्या मध्याजवळ गर्दी दाट असते. तिथे एखाद्या प्रश्नाने पर्सेंटाइल कितीतरी सरकते. टोकाला गर्दी विरळ. तिथे ९९ वरून ९९·९ वर जायला बरेच गुण लागतात, जरी कागदावर फरक एका अंकाहून कमी दिसतो. दुसरी बाब, एकूण पर्सेंटाइल हे तीन विभागांच्या पर्सेंटाइलांची सरासरी नसते. तिन्ही विभागांत ९० च्या आसपास राहिलेल्या उमेदवाराचे एकूण पर्सेंटाइल तिन्हींपेक्षा वर जाऊ शकते, कारण तिन्ही बाजू सारख्या पेलणारे मुळात थोडे असतात.

निवड : कॅटचे गुण म्हणजे प्रवेश नव्हे. प्रत्येक आयआयएम आपापल्या निकषांनी यादी लावते. त्यात विभागवार किमान पर्सेंटाइल, दहावी-बारावी-पदवीचे गुण, कामाचा अनुभव, काही ठिकाणी शाखेची व लिंगाची विविधता यांना वेगवेगळा भार असतो. नंतर लेखी निबंधवजा चाचणी आणि मुलाखत. केंद्रीय संस्थांचे आरक्षण लागू आहे. २०१७ च्या आयआयएम कायद्याने (अंमल ३१ जानेवारी २०१८) या संस्थांना पदविकेऐवजी पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

टीका : अभियांत्रिकी पदवीधरांचे प्राबल्य ही जुनी तक्रार आहे. गणित व तर्क मिळून तीनपैकी दोन विभाग होतात, हे पाहता ती निराधार म्हणता येत नाही. मात्र अभियंत्यांची संख्या अर्जदारांतच मोठी असते, याचाही हिशेब धरायला हवा. भाषेचा प्रश्न त्याहून कमी चर्चिला गेला आहे. परीक्षा केवळ इंग्रजीत होते. वाचन आकलनाचे उतारे इतिहास, तत्त्वज्ञान, पर्यावरण, अर्थकारण अशा विषयांवरचे आणि दाट वाक्यरचनेचे असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या, तर्कात तरबेज असलेल्या विद्यार्थ्याची ४० मिनिटांत अनुमान करण्याची कुवत मोजली जाते की इंग्रजी वाचनाचा वेग, हे या विभागाच्या गुणांवरून वेगळे करता येत नाही. गणिताच्या विभागातही शाब्दिक उदाहरणे आधी वाचावीच लागतात. पुढचे सारे शिक्षण इंग्रजीत आहे हा युक्तिवाद वजनदार असला, तरी वेग हा दोन वर्षांत कमावता येणारा गुण आहे, आणि परीक्षा मात्र तो पहिल्याच दिवशी मागते.

कॅटचे गुण लगतच्या एका प्रवेशवर्षापुरतेच चालतात. जीमॅटचे पाच वर्षे. नोकरी करत तयारी करणाऱ्याला त्यामुळे कॅट दरवर्षी नव्याने द्यावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा नसून आयपीमॅट वगैरे वेगळ्या परीक्षा आहेत.