कर्णबधिर विद्यार्थ्यांचे व्यवसाय शिक्षण : दुभाष्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली?

दहावीनंतर आयटीआयमध्ये येणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्याला राखीव जागा मिळू शकते, शिष्यवृत्ती मिळू शकते आणि सरकारी खर्चाने श्रवणयंत्रही मिळू शकते. मात्र निदेशक (आयटीआयमधील प्रशिक्षक) यंत्रापाशी उभा राहून जे समजावून सांगतो, ते खुणांच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्या दुभाष्याचे मानधन कोणी द्यायचे, याचे थेट उत्तर कायद्यात नाही. या प्रश्नाची मुळे शोधायची तर दोन सरकारी खात्यांच्या वेगवेगळ्या वाटचालीकडे आणि विशेषतः 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एका कलमाकडे पाहावे लागते.

मुंबईत 1885 च्या सुमारास देशातील पहिली मूकबधिर शाळा सुरू झाली आणि त्यानंतर निघालेल्या शाळांतून शिवण, सुतारकाम, पुस्तकबांधणी असे व्यवसाय शिकवण्याची पद्धत रूढ झाली. धर्मादाय देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थांना पुढे सरकारी अनुदान मिळू लागले, परंतु ते अनुदान शाळेला होते, विद्यार्थ्याला नव्हते. विद्यार्थी शाळेबाहेर पडला की पैशाचा ओघही तेथेच थांबत असे. महाराष्ट्रातील अनुदानित विशेष शाळा आणि कर्मशाळा (दिव्यांगांना व्यवसाय शिकवणाऱ्या संस्था) यांची घडण आजही याच धर्तीची आहे.

स्वातंत्र्यानंतर सर्वसाधारण व्यवसाय प्रशिक्षणाची वाट वेगळ्या दिशेने गेली. 1950 मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या आयटीआय कामगार खात्याच्या कक्षेत होत्या, तर कर्णबधिरांच्या शाळा समाजकल्याणाच्या. अपंगांसाठीचे विशेष सेवायोजन कार्यालय 1959 मध्ये मुंबईत निघाले आणि 1968 मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे सुरू झाली, तेव्हा या दोन वाटा जुळण्याची शक्यता निर्माण झाली होती. पण या केंद्रांचा भर उमेदवाराची क्षमता तपासून त्याला कामाला लावण्यावर राहिला आणि आयटीआयचा वर्ग होता तसाच राहिला.

1981 पासून केंद्राच्या योजनेतून साहाय्यक साधने, त्यांत श्रवणयंत्रेही, विनामूल्य किंवा सवलतीत मिळू लागली आणि 1983 मध्ये वांद्रे येथे श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दोन्ही गोष्टी मोलाच्या होत्या. त्यांच्यामागे मात्र एक गृहीतक होते, ते असे की यंत्र आणि वाचाउपचार मिळाले की मूल बोलू-ऐकू लागेल आणि इतरांच्या वर्गात सामावून जाईल. कर्णबधिर शाळांमध्येही बहुतांशी बोलण्यावर आणि ओठवाचनावरच भर होता. श्रवणयंत्र ही एकदा करायची खरेदी असल्याने अंदाजपत्रकात ती सहज बसते. दुभाषी हा रोजचा, तासागणिक चालणारा खर्च असतो आणि त्याची गरजच मान्य नसल्यामुळे त्याच्यासाठी रकाना तयार झाला नाही. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ माझ्या मते येथे आहे.

1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सरकारी आणि अनुदानित शैक्षणिक संस्थांमध्ये किमान 3 टक्के जागा राखीव ठेवण्यास सांगितले. येथे शब्द होता ‘शैक्षणिक संस्था’, त्यामुळे त्याचा आवाका मोठा होता. याच कायद्याने विशेष शाळांमध्ये व्यवसाय प्रशिक्षणाच्या सोयी करण्याचा प्रयत्न सरकारने करावा असेही म्हटले होते. कर्णबधिर मुलगा व्यवसाय शिकेल तो विशेष शाळेत, ही जुनी कल्पना त्यात कायम होती.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही कल्पना बदलली. राखीव जागा 5 टक्के झाल्या, परंतु तरतुदीतील शब्द आता ‘उच्च शिक्षण संस्था’ असा आला. वरच्या वयोमर्यादेतील 5 वर्षांची सवलतही याच संस्थांच्या प्रवेशाला जोडली गेली. दहावीनंतरचे व्यवसाय प्रशिक्षण उच्च शिक्षणात बसवणे अवघड असल्याने आयटीआयमधील राखीव जागांचा आधार कायद्याच्या या कलमापेक्षा त्या त्या वेळच्या प्रवेशनियमांवर अधिक राहतो. विनामूल्य शिक्षणाचा हक्क 18 व्या वर्षापर्यंत आहे. श्रवणदोषाचे निदान उशिरा होऊन ज्यांची शाळा उशिरा सुरू झाली, त्यांच्या बाबतीत दहावी होईपर्यंत हे वय जवळ आलेले किंवा उलटलेले असते.

व्यवसाय प्रशिक्षण या कायद्याच्या 19 व्या कलमात येते आणि वादाची जागाही तीच आहे. या कलमानुसार सरकारने आखायच्या योजनांमध्ये दिव्यांगांचा सर्व मुख्य प्रवाहातील प्रशिक्षणांत समावेश असला पाहिजे आणि त्यासाठी त्यांना पुरेसे साहाय्य व सुविधा मिळाल्या पाहिजेत. स्वतंत्र प्रशिक्षण कार्यक्रमांचा उल्लेख पुढे येतो, तो विकासात्मक, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व आणि स्वमग्नता असलेल्यांसाठी. कर्णबधिरांचा त्यात समावेश नाही. याचा अर्थ कर्णबधिर विद्यार्थ्याने सर्वांबरोबर शिकावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे आणि ती योग्यच आहे. पण मग ‘पुरेसे साहाय्य’ या दोन शब्दांवर सगळा भार येतो. त्यात दुभाषी मोडतो का, मोडत असेल तर सिद्धान्ताच्या तासापुरता की कार्यशाळेतील प्रात्यक्षिकालाही, याचे उत्तर कलम देत नाही.

याच कायद्यात ‘वाजवी सोयीसुविधा’ नाकारणे हा भेदभाव ठरवला आहे, पण त्या सोयीमुळे अवाजवी बोजा पडू नये अशी मर्यादाही घातली आहे. बोजा अवाजवी आहे की नाही, हे पैसे कोण देणार यावरच ठरते. एका ट्रेडला, म्हणजे एका व्यवसायाच्या अभ्यासक्रमाला, एकच कर्णबधिर प्रशिक्षणार्थी असलेल्या तालुक्याच्या आयटीआयला पूर्णवेळ दुभाषी हा बोजा वाटेल. राज्याच्या अंदाजपत्रकात तीच रक्कम किरकोळ ठरेल. हा खर्च विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीतून भागवावा, असे सुचवणाऱ्यांनी दिवसभराच्या दुभाष्याचे मानधन आणि महिन्याचा निर्वाह भत्ता यांची तुलना करून पाहावी. दुभाष्याचा उपयोग निदेशकालाही तितकाच होतो आणि म्हणून तो संस्थेचा खर्च धरणे अधिक न्यायाचे आहे.

दरम्यान 2015 पासून अल्प मुदतीच्या कौशल्य प्रशिक्षणाकडे केंद्राचा पैसा वळला आणि दिव्यांगांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कृती आराखडाही त्याच वर्षी आला. कौशल्य योजनांच्या सामायिक निकषांत प्रशिक्षण संस्थेला प्रशिक्षणार्थीमागे ताशी दराने पैसे मिळत. ते 30, 50 आणि 20 टक्के अशा तीन हप्त्यांत विभागलेले होते आणि शेवटचा हप्ता रोजगार मिळवून देण्याशी बांधलेला होता. ज्याला तीच गोष्ट समजायला अधिक तास लागतात, तो विद्यार्थी अशा हिशेबात संस्थेला महाग पडतो. हप्त्यांची ही रचना करताना कर्णबधिरांचा विचार झाला असेल असे वाटत नाही.

दुभाषीच नाहीत, ही सबब पूर्वी खरी होती आणि काही अंशी अजूनही आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र 2015 मध्ये दिल्लीत स्थापन झाले. त्याआधी 2011 मध्ये एका मुक्त विद्यापीठात ते उभारण्याचा प्रयत्न झाला होता, तो टिकला नाही. आता दुभाष्यांसाठी पदविका अभ्यासक्रम आहे, परंतु 2011 च्या जनगणनेतील सुमारे 50 लाख श्रवणदिव्यांगांच्या मानाने प्रशिक्षित दुभाषी फारच मोजके आहेत. मानधनाची शाश्वती नसलेल्या कामाकडे तरुण वळत नाहीत, त्यामुळे तरतूद नाही म्हणून दुभाषी नाहीत आणि दुभाषी नाहीत म्हणून तरतूद नाही, असे हे चक्र झाले आहे.

2021 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक स्तरावर सांकेतिक भाषा हा विषय म्हणून घेण्याची सोय झाली आणि 3 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. विशेष शाळा आणि कर्मशाळा या विभागाकडे आल्या; आयटीआय कौशल्य विभागाकडेच आहेत. आयटीआयच्या वर्गातील दुभाष्याचे मानधन या दोहोंपैकी कोणत्या विभागाच्या अंदाजपत्रकातील मागणीत दाखवायचे, हे मंत्रालयातच ठरवावे लागेल.