सात मिनिटं उशिराचा सामना

२६ जानेवारी २००७ ला शुक्रवार होता. सकाळी दिल्लीचं संचलन नेहमीप्रमाणे थेट घरात आलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चेन्नईत वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामना होता. तोही घरात आला, पण ज्यांची भिस्त सरकारी वाहिनीवर, म्हणजे दूरदर्शनवर, होती त्यांच्याकडे सात मिनिटं उशिरा. सात मिनिटांत दीड-दोन षटकं होतात. शेजारी खासगी वाहिनी लागलेली असेल तर भिंतीपलीकडून ओरडा आधी यायचा आणि विकेट नंतर पडायची. भारत तो सामना हरला. अँटेनावाल्या घरांत जरा उशिरा हरला, एवढंच.

सोहळा आणि खेळ पूर्वी असे वेगळे नव्हते. १९५० चं पहिलं संचलन दिल्लीच्या आयर्विन स्टेडियममध्ये झालं आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याच मैदानावर पहिली आशियाई स्पर्धा भरली. टीव्हीवरही तसंच. १५ ऑगस्ट १९८२ चं लाल किल्ल्यावरचं भाषण रंगीत दिसलं, पाठोपाठ नोव्हेंबरात दिल्लीची आशियाई स्पर्धा. कॅमेरा सरकारचा, मनोरा सरकारचा. हक्क कोणाचे, हे विचारायचं कारणच नव्हतं. क्रिकेट दाखवायचं तर ही वाहिनी उलट आयोजकांकडेच पैसे मागायची.

ते १९९३ मध्ये फिरलं. नोव्हेंबरातल्या पाच देशांच्या स्पर्धेचे हक्क आयोजकांनी परदेशी कंपनीला विकले आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल म्हणतो की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. पुढे सरकारने ‘सार्वजनिक’ हा शब्द उचलला, कंपन्यांनी ‘मक्तेदारी नाही’ हा. एकच निकाल दोन्ही बाजूंच्या वकिलांनी अंथरला.

२००४ च्या पाकिस्तान दौऱ्यात न्यायालयाने तोडगा काढला: सरकारी वाहिनीने सामने दाखवावेत, पण खासगी वाहिनीच्या जाहिराती आणि बोधचिन्हासकट. प्रेक्षकाला त्यात काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती तिजोरीला. नोव्हेंबर २००५ मध्ये नियम आला की महत्त्वाच्या सामन्यांचे सिग्नल सरकारी वाहिनीला द्यावेच लागतील. दरम्यान एका कंपनीने भारतातल्या क्रिकेटचे चार वर्षांचे हक्क ६१ कोटी २० लाख डॉलरला घेतले होते. एवढे पैसे मोजून तेच चित्र फुकट वाटायचं तर आमची वाहिनी कोण लावणार, हा तिचा प्रश्न गैर नव्हता. २१ जानेवारी २००७ चा नागपूरचा सामना या वादात सरकारी वाहिनीवर आलाच नाही. मग दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटं उशिरा दाखवण्याचा तो तोडगा काढला. कंपनीचं ‘थेट’ शाबूत, गरिबाचा सामनाही शाबूत. कागदावर हिशेब बरोबर होता, पण दीड षटक शिळं क्रिकेट म्हणजे काय, हे ओरडा ऐकणाऱ्यालाच कळतं.

मालिका ३१ जानेवारीला बडोद्यात संपली आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला अध्यादेश निघाला. त्याचाच पुढे कायदा झाला. आता सिग्नल त्याच क्षणी द्यायचा, तोही जाहिराती काढून. सरकारी वाहिनीने स्वतःच्या जाहिराती लावायच्या आणि उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला, २५ टक्के स्वतःला.

खरी गंमत त्यातल्या एका शब्दप्रयोगात आहे: ‘राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धा’. कायदा त्याची व्याख्या अशी करतो की केंद्र सरकार राजपत्रात ज्या स्पर्धांना राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणेल त्या. म्हणजे महत्त्व कशाने ठरतं, याचं उत्तर ‘सांगण्याने’. पहिल्या यादीत पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने सरसकट होते. कसोट्या मात्र सरकारला ज्यांत ‘लोकांचा मोठा रस’ दिसेल तेवढ्याच. पाच दिवस बसून राहणाऱ्या माणसाचा रस कुठल्या मापाने मोजला, ते राजपत्रात नाही. २६ जानेवारीच्या संचलनाला असल्या यादीची गरज कधी पडली नाही. त्याचे हक्क लिलावात नसतात, त्यामुळे त्याचं महत्त्व कोणाला सिद्ध करावं लागत नाही.

शेवटचा फाटा केबलचा. सरकारी वाहिन्या केबलवर दाखवणं दुसऱ्या एका कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे वाटून घेतलेला सामना केबलच्या घरांतही फुकट पोचत होता. हक्कधारक पुन्हा न्यायालयात गेले. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हा सिग्नल सरकारी मनोऱ्यांवरून आणि सरकारी मोफत डिशवरून जाईल, केबलवरून नाही. २००७ मध्ये अँटेनावाला मागे राहिला होता. आता मोफत डिशवाल्याला फुकट आणि थेट, आणि महिन्याला पैसे भरणाऱ्या केबलवाल्याला खेळाची वाहिनी वेगळी घ्यायची. संचलन मात्र दोघांकडे सारखंच येतं.