बशीतल्या पेशी आणि ताटातलं अन्न

'अमुक पदार्थातल्या रसायनाने प्रयोगशाळेत गुणसूत्रं तुटली, म्हणजे तो खाल्ला की कॅन्सर होणारच', असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. चाचणी खरी असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

चाचणीत बशीत वाढवलेल्या पेशींवर रसायन थेट ओततात. मग विभाजन मध्येच थांबवून, गुणसूत्रं रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतली तुटलेली टोकं मोजतात. इथे पचन नाही, रक्ताभिसरण नाही, विष निकामी करणारं जिवंत यकृत नाही. फार तर यकृतातली एन्झाइम्स वेगळी घालतात. मात्राही मुद्दाम चढवत नेतात, कारण ही पहिली चाळणी आहे आणि धोका निसटू नये हाच तिचा हेतू. साधं मीठसुद्धा फार दाट झालं की अशा पेशींची गुणसूत्रं तोडतं. कांद्यातलं आणि सफरचंदातलं क्वेर्सेटिन हे नैसर्गिक रसायनही बशीत दोषी ठरलं, प्राण्यांवरच्या बहुतेक चाचण्यांत मात्र तसं नुकसान दिसलं नाही.

म्हणून बातमीत आधी बघा: प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर? मात्रा किती, आणि खाण्यातून तेवढी रक्तात पोहोचते का? उंदरांच्या अस्थिमज्जेतली मायक्रोन्यूक्लियस चाचणी, म्हणजे जिवंत शरीरातही गुणसूत्रांचे तुकडे पडतात का हे बघणारी चाचणी, झाली का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उलट, बशीतला निकाल झटकूनही टाकू नये. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन पेशी, प्राणी आणि माणसं, तिन्हीकडे घातक ठरलं आहे. बुरशी आलेले शेंगदाणे फेकूनच द्यावेत.