पंढरपूर मंदिरप्रवेश सत्याग्रह

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी (पांडुरंग सदाशिव साने, १८९९–१९५०) केलेले प्राणांतिक उपोषण आणि त्याआधी महाराष्ट्रभर फिरून केलेली लोकजागृती. उपोषण १ ते १० मे १९४७ या काळात झाले.

वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. समोरचा वयाने लहान आहे की मोठा, कोणत्या जातीचा आहे, हे पाहिले जात नाही. तो वाकला की हाही वाकतो. ही समता चंद्रभागेच्या वाळवंटात खरी होती, महाद्वारापाशी मात्र ती थांबत असे. चोखामेळ्याचे अभंग सगळ्या वारकऱ्यांच्या मुखी होते, पण चोखोबाच्या जातीच्या माणसाला देवळात पाऊल टाकता येत नव्हते. मंगळवेढ्याला १३३८ मध्ये गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. अस्पृश्य वारकऱ्यांची वारी पिढ्यान्‌पिढ्या या समाधीवर डोके टेकवून आणि कळसाला हात जोडून पुरी होई. पंढरपुरात देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवून दर्शन घेण्याची रीत आहे. ज्या देवाला असे भेटता येते, त्याच्याच दारात अडवले जाण्याचे दुःख त्यामुळे अधिकच खोल होते.

मंदिरप्रवेशाचे लढे याआधीही झाले होते. अमरावतीचे अंबादेवी मंदिर, पुण्याची पर्वती आणि १९३० पासून काही वर्षे चाललेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह हे त्यांतले ठळक. त्रावणकोर संस्थानाने १९३६ मध्ये आपली मंदिरे सर्वांना खुली केली. पंढरपूर बंदच राहिले.

गुरुजींनी उपोषणाचा निश्चय १९४६ च्या अखेरीस जाहीर केला, पण सहकाऱ्यांच्या आग्रहामुळे ते लगेच सुरू केले नाही. मधले महिने ते सेनापती बापट यांच्यासह गावोगाव हिंडले. सोबत राष्ट्र सेवा दलाचे कलापथक असे. गावात सभा व्हायची, मेळा व्हायचा आणि मग तिथली विहीर, तिथले देऊळ खुले करण्याचा आग्रह धरला जायचा. अनेक गावांनी तो मानला. या लढ्याचे खरे बळ या दौऱ्यात होते. उपोषणाचे दहा दिवस इतिहासात गाजले, पण सवर्ण घरांतली माणसे शेजारच्या वस्तीकडे आपली म्हणून पाहू लागली ती या सभांमधून. गुरुजींनी बडव्यांनाही, म्हणजे विठ्ठलाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनाही, शत्रू ठरवले नाही. त्यांची हाक मन वळवण्यासाठी होती.

उपोषण तनपुरे महाराजांच्या मठात झाले. ते सोडावे अशी तार खुद्द महात्मा गांधींनी केली होती. ज्यांना गुरुजी गुरुस्थानी मानत, त्यांचाच शब्द मोडण्याची वेळ आली, तरी ते मागे हटले नाहीत. केंद्रीय विधिमंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

विरोध लगेच मावळला नाही. मंदिर ‘बाटण्याआधी’ काही सनातन्यांनी मूर्तीतले देवत्व मंत्रांनी घागरीतल्या पाण्यात काढून घेतले, असे सांगितले जाते. देवाला माणसांपासून वाचवण्याची ही धडपड त्या काळच्या तटबंदीची उंची दाखवते.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप अधिक मोलाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम सत्याग्रहाचा हेतूच मुळी आपल्या लोकांत हक्कांची जाग आणणे हा मानला होता. त्यांना मूर्तिपूजक बनवणे हा नव्हे. १९३५ च्या येवला परिषदेत त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला होता. त्यामुळे १९४७ मध्ये देऊळ उघडले तेव्हा दलित चळवळीचा मोठा भाग देवळाच्या वाटेवरून केव्हाच पुढे गेला होता. गुरुजींचा सत्याग्रह म्हणूनच मुख्यतः सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा होता, आणि त्याचे मोजमापही तसेच व्हायला हवे: ज्यांनी दार लावले, त्यांनीच ते उघडावे, ही त्यामागची भूमिका होती.

दर्शनाचा हक्क मिळाला, पूजेचा राहिला. बडवे आणि रुक्मिणीचे पुजारी उत्पात यांचे वंशपरंपरागत अधिकार संपवण्याचा कायदा १९७३ मध्ये झाला. त्यावरचा न्यायालयीन वाद २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला. त्यानंतर मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.