उत्पादन-दायित्व : बेळगाव सीमाभागातील स्वरूप

सदोष वस्तूमुळे ग्राहकाला इजा वा नुकसान झाल्यास उत्पादक, सेवादाता किंवा विक्रेता यांच्यावर येणारी भरपाईची कायदेशीर जबाबदारी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या सहाव्या प्रकरणात (कलमे ८२ ते ८७) तिला भारतात प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. हे प्रकरण २० जुलै २०२० पासून अमलात आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातला गूळ, मसाला, मिठाई, विडी, चप्पल असा माल रोज राज्याची हद्द ओलांडतो. कायदे बहुतेक केंद्राचे आहेत, पण अंमलबजावणीची यंत्रणा दोन राज्यांची आहे. इथल्या उत्पादकांची अडचण मुख्यतः त्यातून येते.

संकल्पनेचा उगम बहुधा ‘डोनोग्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ (१९३२) या ब्रिटिश खटल्यात दाखवला जातो. तेथील तत्त्व मात्र निष्काळजीपणाचे आहे. निष्काळजीपणा सिद्ध न करताही उत्पादकाला जबाबदार धरण्याचे तत्त्व, म्हणजे कडक दायित्व, अमेरिकेत, साधारणतः १९६० नंतरच्या निकालांतून रुजले. २०१९ च्या अधिनियमाने यांपैकी कोणते स्वीकारले, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार कलम ८४ (१) मधील पाचही कारणांना (निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरवून दिलेल्या निर्मिती-निकषांपासून फारकत, दिलेल्या हमीचा भंग, अपुऱ्या सूचना वा इशारे) कडक दायित्व लागू होते. दुसरे मत कलम ८४ (२) कडे बोट दाखवते. निष्काळजीपणा नसला तरी उत्पादक सुटत नाही, असे तिथे म्हटले आहे, पण ते स्पष्ट हमी देण्याच्या संदर्भात. कलमाची शब्दयोजना पाहता दुसरे मत अधिक काटेकोर वाटते. मात्र पहिल्या उपकलमातही निष्काळजीपणाची अट घातलेली नाही, हे विसरता येत नाही.

‘हानी’च्या व्याख्येत खुद्द सदोष वस्तूचे नुकसान येत नाही. त्यासाठी वस्तू बदलून किंवा पैसे परत मागण्याचा नेहमीचा मार्ग आहे. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचे नाव छापणाराही ‘उत्पादक’ ठरतो. संकेश्वरची मिरची घेऊन तिचे तिखट दुसऱ्याच्या गिरणीत करून घ्यायचे आणि आपल्या घराण्याच्या नावाने पुड्या विकायच्या, असा व्यवसाय करणाऱ्याने हे नीट समजून घेतले पाहिजे. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर दावा विक्रेत्यावर येऊ शकतो (कलम ८६).

अधिकारक्षेत्राबाबतचा बदल सीमाभागाला विशेष जाणवतो. १९८६ च्या अधिनियमात तक्रार मुख्यतः प्रतिपक्षाच्या ठिकाणी किंवा तक्रारीचे कारण घडले त्या ठिकाणी दाखल होई. आता ग्राहक राहतो वा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही ती करता येते (कलम ३४). खानापूरच्या उत्पादकाला चंदगडच्या ग्राहकासाठी कोल्हापुरात उत्तर द्यावे लागते. अपिलाची मुदत ४५ दिवसांची असून आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मोठी कंपनी हे सहज पेलते. चार-पाच कामगारांच्या कारखान्याचे खेळते भांडवल मात्र त्यात अडकते, आणि ही बाब धोरणकर्त्यांनी गांभीर्याने घ्यायला हवी.

वेष्टनावरील मजकुराचे नियम वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये आहेत. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील हिंदीत (देवनागरी) किंवा इंग्रजीत हवेत. इतर भाषा त्यांच्या जोडीला चालतात. त्यामुळे फक्त मराठीत छापलेली पुडी, लिपी देवनागरी असली तरी, नियमाची पूर्तता करत नाही. राज्यात तयार होणाऱ्या मालावर नाव व वापराच्या सूचना कन्नडमध्येही असाव्यात, असा कर्नाटक शासनाचा आदेश फेब्रुवारी २०२५ मध्ये निघाला. अन्नपदार्थांना अन्नसुरक्षा कायद्याखालील चौदा अंकी क्रमांकही लागतो. नमुना असुरक्षित किंवा कमी दर्जाचा ठरल्यास अन्न विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. ही मुदत चुकली की पुढची बाजू लंगडी पडते.

भौगोलिक निर्देशनाचा (विशिष्ट प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणाऱ्या नोंदणीचा, म्हणजे ‘जीआय’चा) धोका मालागणिक बदलतो. कोल्हापुरी चपलेची नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या (लिडकॉम व लिडकर) नावे संयुक्त असून तिच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्हे येतात. अथणी-निपाणीच्या कारागिरांचा त्या नावावर निर्विवाद हक्क आहे. मात्र नोंदणीकृत मालक नसलेल्यांनी एका इटालियन फॅशन कंपनीविरुद्ध केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. कोल्हापुरी गुळाची नोंदणी मात्र एकट्या महाराष्ट्राच्या बाजूची आहे. तोच ऊस आणि तशीच काहील असली, तरी निपाणीकडच्या गुऱ्हाळातल्या ढेपेवर ‘कोल्हापुरी’ छापणे हे निर्देशनाचे उल्लंघन ठरू शकते.